साठ पावलांवरची लेक

…न्हाई, तुमी हसा! हसा की, लाजता कशाला? आख्खी बेंदवाडी हसती, पावनं-रावळं हसत्यात, टोलनाक्यावरचं पोरगं सुदीक आता मला वळखून हसतंय, मग तुमीच कशाला मागं ऱ्हाता! पन हसून झालं की येकदा माज्या वट्यावर येऊन हुबं ऱ्हावा आनि समोर बगा. काय दिसतंय? हायवे दिसतोय. हायवेच्या पल्याड शेवग्याचं झाड, झाडामागं हिरव्या पत्र्याचं घर, घराम्होरं दोरीवर वाळत घातल्याली चिमुकली झबली… ती माज्या नातीची. त्ये माज्या लेकीचं घर. अल्याडच्या गटारापास्नं पल्याडच्या गटारापतुर म्या सोता पावलांनी मोजलंय, तवा वलांडता येत हुतं म्हनून मोजलं… साठ पावलं! फकस्त साठ पावलं, तुमाला सांगतो! आनि मागल्या महिन्यात लेकीच्या घरी जायला म्हनून निगालो त्यो छप्पन किलोमीटर गाडी चालवली. आनि पोचलो न्हाईच.

आता तुमी म्हनाल, ह्या भाऊसोला गाडी येत नसंल. आवं, सतरा वर्सं फौजेत डायवर हुतो! लडाखला बर्फातनं टरकं न्हेल्यात, येका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, खाली बगितलं तर नदी दोऱ्यायेवढी. गाडीला खरचटा न्हाई! आमचे सायब म्हनायचे, 'भाऊसो, तू तो आँख बंद करके भी पहुँच जाएगा।' सुट्टीवर आलो की पाटनच्या पावन्यांना घिऊन कोयनानगरचा घाट धुक्यातनं उतरायचो, मागं बसल्याली मानसं घोरत असायची, असा गाडी चालवनारा मानूस म्या. आनि त्याच भाऊसोला आता दोनी डोळं उघडं ठिवून समोरचं घर गाठंना, ह्येला काय म्हनायचं?

बरं, ह्ये सगळं माजंच क्येलंय, त्ये आधी सांगून टाकतो. मला दोन पोरी. थोरली संयोगिता, धाकटी पल्लवी. पोरगा न्हाई आनि त्याचं दुख बी न्हाई, पन पोर सासरी गेली की घर खायाला उठतंय म्हनून आमच्या मंडळीनं, सुलानं, पयल्यापास्नं धोशा लावल्याला, 'आवं, थोरली डोळ्याम्होरं पायजे. तिच्या दारातला दिवा मला माज्या दारातनं दिसाया पायजे.' आता स्थळं काय कमी आली का? विट्याकडलं येक आलं हुतं, गलाईवालं. तिकडची पोरं सोनं गाळायच्या धंद्याला सगळ्या मुलखात गेल्यात तसं ह्ये तामिळनाडूत, सेलमला. सोताचं दुकान, वर घर, चारचाकी, पोरगं देखनं, तोंडात सुपारीचं खांड न्हाई. म्या म्हनलं, सेलम? पोरीला ताप आला तर मी दोन दिसांनी पोचनार व्हय? पोराच्या बानं लय समजावलं. 'पावनं, रस्ता सरळ हाय वो, तुमच्या दारातनं डाव्या अंगानं निगाला त्यो थेट आमच्या मुलखात, कुटं वळायचं काम न्हाई.' म्या म्हनलं, सरळ असंना का, लांब हाय. नगं.

आनि दिली कुटं? चिंचमाळला. म्हंजे हितं समोर. आमच्या हितं हायवेच्या अल्याड सातारा जिल्हा, पल्याड सांगली, म्हंजे कागदावर पोर परजिल्ह्यात गेली, पन वरात चालत गेली वो, चालत! बँडवाल्यानं येक गानं धरलं, त्ये सरायच्या आत नवरी सासरी! पावनं चेष्टा करायचे, 'भाऊसो, लेक सासरी धाडलीस का परड्यात रं?' माजी छाती अशी फुगायची! जावई राजवर्धन म्हंजे गुनाचं पोरगं, उसाच्या रोपांची नर्सरी हाय त्येची, मला मामा-मामा करतंय. तवा दुभाजकात फट हुती, तिला आमी कट म्हनायचो, तितनं गाड्या वळायच्या, मानसं वलांडायची. रोज सांच्याला म्या कटातनं पल्याड जायचो, लेकीच्या हातचा च्या प्यायचो, यायचो. सुला तर दारातनं हाळी द्यायची, 'संयोगिते, म्येथी निवडून झाली का गंऽऽ' आनि टरकांच्या आवाजातनं पल्याडनं 'व्हय गंऽऽ' ऐकू यायचं.

पन त्यो कट वाईट. त्ये खोटं कशाला बोलू? दोन वर्सांत पाच अपघात. पाचवी आमची चुलती, रंगुबाई. दूध घालायला निगाली हुती, हातात किटली. म्याच उचलली तिला. किटलीचं झाकन शेवटपतुर गावलं न्हाई. 

मग गाव पेटलं! भुयारी रस्ता पायजे म्हंजे पायजे! म्होरक्या कोन? भाऊसो. का? तर भाऊसो फौजी, भाऊसोला हिंदी येती, भाऊसो सायबाच्या बाला भीत न्हाई. येक तास रस्ता रोको क्येला, अल्याडनं सातारचे पोलीस, पल्याडनं सांगलीचे, दोगं येकमेकाला म्हनत्यात 'ही तुमची हद्द', 'न्हाई, तुमची हद्द', आनि मदी आमी बसल्यालो. शेवटी म्हनले अर्ज द्या. अर्ज म्या लिव्हला! फौजेत आमाला शिकवल्यालं, आधी तात्पुरतं काम करायचं, मग पक्कं. तसाच लिव्हला. मागनी येक, सदर ठिकाणी भुयारी रस्ता करावा. मागनी दोन, तो होईपर्यंत कट बंद ठेवावा. खाली सही. भाऊसो, माजी हवालदार. अक्षर बी असं टपोरं काढलंय म्हनता! कुटनं मला अवदसा आटवली आनि म्या ती दुसरी मागनी लिव्हली…

आट दिवस! सरकारी काम आट दिसांत झाल्यालं तुमी कवा बगितलंय? नवव्या दिशी सकाळच्या पारी क्रेन आली, शिमिटाचे ठोकळे उतरले, ठोकळ्यावर जाळी ठोकली, कट बंद! मागनी दोन म्हंजूर. आनि मागनी येक? 'विचाराधीन आहे.' वर माजा सत्कार क्येला वो! रस्ता सुरक्षा सप्ताहात टेजावर बसवलं, शाल, नारळ, फेटा, आनि येक देवदत्त सायब म्हनून हायेत हायवेच्या हापिसात, लय ग्वाड बोलनारा मानूस, त्ये भाषनात म्हनले, 'भाऊसोंसारखे जागरूक नागरिक गावोगावी असतील, तर एकही ब्लॅक स्पॉट शिल्लक राहणार नाही!' ब्लॅक स्पॉट म्हंजे सारखे अपघात व्हनारी जागा. टाळ्या! आनि ठोकळ्यांवर पाटी लावली, 'हा कट ग्रामस्थांच्या मागणीनुसार बंद करण्यात आला आहे.' सुलानं पाटी वाचली, माज्याकडं बगितलं, आत गेली आनि भांडी घासत बसली. घासल्यालीच भांडी.

साठ पावलं, तुमाला सांगतो. आनि आता जायाचं कसं? तर माज्या दारातनं डाव्या हाताला, म्हंजे कोल्हापूरच्या अंगाला, नऊ किलोमीटर जायाचं, तितं मोठ्या रस्त्याखालनं बोगदा हाय, त्यातनं वळायचं, परत नऊ किलोमीटर यायाचं, की आलं लेकीचं घर. येताना आनि उलटं, तिकडनं साताऱ्याच्या अंगाला आकरा किलोमीटर, टोलनाका वलांडून वळायचं, आनि परत आकरा. च्या प्यायला चाळीस किलोमीटर! त्यो च्या पोटात जाईपतुर दुसऱ्या च्याची येळ व्हायची.

मग म्या बी शानपना क्येला. म्होरं वढ्याची मोरी हुती. सर्व्हिस रोडनं उलट्या बाजूनं अर्दा किलोमीटर स्कूटर न्ह्यायची, मोरीत वाकून ढकलायची, की पल्याड! महिनाभर चैन क्येली. तवर खांबावर क्यामेरा आला. साधासुदा न्हाई, म्हनत्यात त्येला डोकं हाय, सोताच बगतो, सोताच वळखतो, सोताच पावती फाडतो, मानूस लागतच न्हाई! येक दिशी मोबाईलवर मेसेज. उलट्या दिशेने वाहन चालविणे. सोबत फोटू. सतरा वर्सांत माज्या नावाम्होरं लाल शाईचा ठिपका पडला न्हवता, माजा जीव तिळतिळ तुटला, आनि आमची मंडळी चष्मा लावून फोटू बगती. 'आवं, किती सुरेख आलाय वो! माज्या लुगड्याचा काठ सुदीक दिसतोय. पयल्यांदाच आपला जोडीनं चांगला फोटू आला, फ्रेम करून आना.' आता सांगा, रडायचं का हसायचं? पंदरा दिसांनी मोरी बी बुजवली, रुंदीकरनात.

इकडं हे, आनि तिकडं आमच्या विहीनबाई! मनुबाई. मनानं मोठी बाई, पन येळंची लय कडक. दिवाळीला मी उशिरा पोचलो, संक्रांतीला उशिरा पोचलो, बारशाला तर पाळना म्हनून झाल्यावर. दरटायमाला दारातच म्हनायच्या, 'या पावनं. लांबनं आलाय, दमला असाल.' येवढंच! त्यापरीस दोन थोबाडीत द्याव्या. पोर आमची मान खाली घालून पान्याचा तांब्या पुढं करायची.

आनि मग आली नातीची उष्टावन. भार्गवी, सातवा महिना लागला हुता. आमच्यात आशी रीत हाय, की लेकराच्या तोंडात पयला घास आजोळचा. खीर आजीनं करायची, आनि मामानं नायतर आज्यानं आंगठी बुडवून ती जिभंवर लावायची. मामा न्हाई, म्हंजे मीच. येळ काढली हुती दुपारी बारा धाच्या आत. मनुबाईंचा फोन आला. 'पावनं, भटजीनं बारा धा सांगितलंय. त्येच्यानंतर अमुशा लागती. येवढं येळंला या.' आनि मागनं संयोगिता हळूच, 'आबा, येवढ्या येळंला तरी माजी मान वर ऱ्हाऊ द्या.' आवं, काळीज चिरलं माजं! म्या म्हनलं, बाळा, तुज्या बानं शत्रूच्या तोफांखालनं टायमावर रेशन पोचवलंय. आकराच्या आत तुज्या दारात असतोय.

धाला निगालो. वीस मिन्टाच्या वाटंला दोन तास धा मिन्टं हातात ठिवून! जुनी व्हॅन धुतल्याली, सुलानं नवं लुगडं न्येसल्यालं, मांडीवर खिरीचा डबा, डब्याला फडकं गुंडाळल्यालं. मोबाईलातली बाई चालू क्येली. त्या बाईला अजून कट बंद झाल्याला ठावंच न्हाई! दारातनं निगालो न्हाई तवर बोलती, 'पन्नास मीटरवर उजवीकडे वळा. तुमचे ठिकाण समोर आहे.' सुला म्हनती, 'बगा, तिला बी कळतंय.' म्या बाईचा आवाज बारीक क्येला.

नऊ किलोमीटर झाले. बोगद्याच्या तोंडाला आडवी पिंपं लावल्याली, आनि येक परप्रांतीय पोरगं लाल झेंडा हलवतंय. 'आज बंद है चाचा, ऊपर गर्डर चढ़ रहा है। आगे से ले लो।' म्या म्हनलं, 'आगे से मतलब कितना आगे?' त्यो म्हनतो, 'बस, आगे ही है।' फौजेत ह्या 'बस आगे ही है'वर म्या अर्दी जिंदगी काडल्याली, मला कळायला पायजे हुतं. आट किलोमीटर! आनि त्या आट किलोमीटरात कुटं डायव्हर्शन, कुटं येकेरी वाट, म्होरं उसाच्या दोन ट्राल्या लावल्याला ट्रॅक्टर, त्येच्या मागं समदा देश. सुला दर दोन मिन्टाला डब्याला हात लावून बगती. 'कोमट झाली वो.' 'व्हय.' 'आवं, पार कोमट झाली.' 'आगं, मग काय मी इंजनावर ठिवू का?'

वळलो येकदाचा. आता तोंड साताऱ्याकडं, सतरा किलोमीटरावर लेकीचं घर, घड्याळात आकराला धा कमी. म्या म्हनलं, भाऊसो, जिंकलास! चिंचमाळच्या अलीकडं मोठ्या रस्त्यावरनं सर्व्हिस रोडला उतरायला वाट हाय. बोर्ड बी हाय, चिंचमाळ, डावीकडे बान. म्या डावा दिवा लावला, गाडी कडंला घेतली… आनि त्या वाटंवर ठोकळे! नवे, चकचकीत, पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे ठोकळे! 'काम चालू. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' क्षमस्व? मागं हॉर्न, तुमाला सांगतो, मागं येक कंटेनर घरायेवढा, थांबलो तर चपाती! कडंला लोखंडी पत्रा, पत्र्यापल्याड खंदक, उतरायला जागाच न्हाई. आनि समोरनं आलं की वो त्ये घर! शेवगा आला. हिरवा पत्रा आला. मांडव घातल्याला. मनुबाई पैठणी न्येसून दारात. संयोगिता भार्गवीला कडंवर घिऊन हात हलवतीया, 'आबाऽऽ आबाऽऽ'… सुला किंचाळती, 'आवं थांबाऽऽ!' मोबाईलातली बाई म्हनती, 'तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात!' आनि मी साठच्या स्पीडनं माज्या लेकीच्या दारावरनं फुडं चाललोय! आरशात बगतो तर पोरीचा हात तसाच वर. हळूहळू खाली आला. फौजेत असताना पोरगी झाल्याली तार मला धा दिसांनी मिळाली, तवा बी मी रडलो न्हवतो. तितं रडलो, गाडी चालवत.

सुला म्हनती, 'डबा टाकते खिडकीतनं, झेलतील.' म्या तिच्या बाजूची काच वर क्येली.

आकरा किलोमीटर, टोलनाका. तितं आडवा दांडा वर जाईना. पोरगं म्हनतंय, 'काका, तुमचा टॅग ब्लॅकलिस्ट झालाय, केवायसी राहिलीय.' म्या म्हनलं, बाळा, सतरा वर्सं देशाची शेवा क्येली, देशानं माजी केवायसी कवाच क्येली न्हाई, तसाच विश्वास ठिवला. त्ये म्हनतंय, 'आधार नंबर सांगा.' मागं रांग, हॉर्न, शिव्या. वटीपी येतोय, येतोय… आला त्यो सुलाच्या मोबाईलवर, आनि सुलाचा मोबाईल घरी चार्जिंगला! बारा मिन्टं ग्येली त्यात. शेवटी रोख भरले, दांडा वर ग्येला, वळलो, आकरा किलोमीटर सुसाट आलो, गाडी लावली, घड्याळात पावनेबारा नि वर धा मिन्टं… बारा वाजायला पाच. आनि म्या कुटं हाय? आवं, माज्याच दारात! धाला निगाल्याला मानूस, छप्पन किलोमीटर करून, दोन तासाला पाच मिन्टं कमी, सोताच्या दारात! कुत्रं शेपूट हलवत म्होरं आलं. त्येला वाटलं, जाऊन आले.

आता पंदरा मिन्टं उरल्याली. परत फिरून जायाचं म्हंजे आनि तासभर. राजवर्धनचा फोन, 'मामा, मी येऊ का गाडीवर न्यायला?' म्या म्हनलं, तू येईपतुर उद्याची उष्टावन हुईल, ऱ्हाऊ दे. फोन ठिवून मागं बगतो तर सुला न्हाई. घरात न्हाई, वट्यावर न्हाई. आनि बगतो तर काय… नवं लुगडं वर खोचल्यालं, डबा काखंत, सर्व्हिस रोड वलांडून ती कडंच्या लोखंडी पत्र्यावर येक पाय टाकून हुबी! ज्या जागंला कट हुता, त्याच जागंला! म्होरनं टरकं शंबरच्या स्पीडनं. तिचा पदर वाऱ्यानं रस्त्यावर उडतोय.

मला सुला दिसंचना वो, मला रंगुबाईची किटली दिसाया लागली. धावलो, दंड धरला, वढली मागं. पल्याडनं संयोगिता उर फुटोस्तवर वरडतीया, 'आई, नगंऽऽ! आई, येऊ नगंऽऽ!' आनि सुला माज्या छातीवर बुक्क्या मारतीया, सगळ्या रस्त्याम्होरं. 'सोडा मला! साठ पावलं तर हायती! सात महिनं मी ह्या येका खिरीची वाट बगितली… तुमी, तुमीच बंद क्येला त्यो कट!' म्या म्हनलं, 'व्हय. म्याच क्येला. रंगुकाकीला म्या हातानं उचललंय सुला, तुला उचलायची ताकद न्हाई माज्यात.' मग दोगं त्या पत्र्याला टेकून हुबं ऱ्हायलो.

तवर मोबाईल वाजला. व्हिडिओवाला. बगतो तर मनुबाई. म्हनलं, आता म्हननार, लांबनं आलाय. पन बाईचे डोळं भरल्यालं. म्हनती, 'पावनं, मी दारातनं समदं बगितलं. सात मिन्टं ऱ्हायल्यात. आंगठी काडा, खिरीत बुडवा आनि फोनम्होरं धरा. दूध-साखर हिकडं मी लावते. पयला घास आजोळचाच हुनार, मी बगते कोन न्हाई म्हनतंय.' म्या आंगठी काडली. सुलानं डबा उगडला. गार खीर, वर साय आल्याली. म्या आंगठी बुडवली आनि मोबाईलच्या काचंम्होरं धरली, आनि भार्गवीनं, तुमाला खोटं सांगत न्हाई, त्या आंगठीकडं बगून हा येवढा आ क्येला! मनुबाईनं तिकडं बोट लावलं. पोरीनं चाटलं, त्वांड वाकडं क्येलं, आनि हसली. फोनमदी हसली, आनि मान वर करून बगितलं तर साठ पावलांवर शेवग्याखाली येक पिवळा ठिपका, ती बी तीच. मदनं सहा लेनचा देश चालल्याला, भराभरा.

आंगठीला खीर तशीच लागल्याली. म्या म्हनलं, आता हिचं काय करू? सुलानं पदरानं डोळं पुसलं, म्हनली, 'खावा तुमीच. सही तुमचीच हाय.'

दोन दिसांनी मेसेज आला. रस्त्याकडेला वाहन उभे करणे. त्या गडबडीत गाडीचं मागचं चाक सर्व्हिस रोडवर ऱ्हायल्यालं, डोकंवाल्या क्यामेऱ्यानं टिपलं. सोबत फोटू. गाडी येका कोपऱ्यात, आनि मदोमद आमी दोगं, माज्या हातात आंगठी, सुलाच्या हातात डबा. उष्टावनीचा आमच्याकडचा येवढा येकच फोटू. ह्यो मातूर सुलानं फ्रेम करून भिंतीवर लावलाय. शासनाचा शिक्का खाली तसाच हाय.

मग म्या उठलो, शाल गुंडाळली, सत्काराचीच, आनि गेलो हायवेच्या हापिसात. देवदत्त सायबांनी च्या मागवला. म्हनलं, सायेब, च्या नगं, भुयारी रस्ता द्या. सायबांनी फाईल काडली, लय मन लावून वाचली, आनि असे हसले, असे हसले, म्या म्हनलं म्हंजूर झाला! 'भाऊसो, अभिनंदन! कट बंद केल्यापासून तुमच्या ठिकाणी एकही अपघात नाही! तुमचं ठिकाण ब्लॅक स्पॉटच्या यादीतून काढलंय.' म्या म्हनलं, लय बेस झालं, आनि रस्ता? 'आता भुयारी रस्ता कसा देता येईल? तो ब्लॅक स्पॉटलाच देतात. तुमच्याकडे आता धोकाच उरला नाही!' म्या म्हनलं, सायेब, धोका न्हाई कारन वाटच न्हाई. त्ये म्हनले, 'बरोबर! हेच तर तुमचं यश आहे.' आनि फाईल माज्याकडं फिरवून दाखवली, मागनी दोन, खाली टपोरं अक्षर. 'ही सही तुमचीच ना?'

आता कुनाकडं बोट दावायचं? रंगुकाकीनंतर तितं कुनी म्येलं न्हाई, ह्ये तर खरंच हाय. मी ती सही पुसू म्हनलं तरी माज्यानं पुसवनार न्हाई. रोज वट्यावर बसतो, झबली मोजतो, येखादं कमी दिसलं की फोन करतो, पोरीला सर्दी-बिर्दी झाली का म्हनून. आमी दोगं शानी मानसं, पोर डोळ्याम्होरं पायजे म्हनलं हुतं, तर डोळ्याम्होरंच हाय.

आनि आता धाकटीचं बगतोय. पल्लवीचं. गेल्या आटवड्यात म्या सोता विट्याला फोन लावला. त्या गलाईवाल्याचा धाकटा भाऊ हाय अजून लग्नाचा, त्यो बी सेलमलाच. सुला म्हनती, 'आवं, येड लागलं का तुमाला? येवढ्या लांब?' म्या म्हनलं, लांब असू दे गं, पन आपल्याच अंगाला हाय की! दारातनं डाव्या हातानं निगायचं, कुटं वळायचं न्हाई, थेट धाकटीच्या घरी. 'आनि येताना?' येताना, म्हनलं, समोरच्या अंगानं येनार न्हवं का आपन? म्हंजे येताना सरळ थोरलीच्या दारात… सुलानं जरा इचार क्येला, आनि सामानाची पिशवी भरायला घेतली. थोरलीला च्यासाठी सांगितलंय, सेलमवरनं येतो म्हनून.